दमानं घ्या: पंधरा आठवड्यांत पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन

प्रश्न थोडक्यात असा. वय ३७, नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये, घर मनीषनगरला. मित्रांच्या नादाने जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या स्प्रिंट ट्रायथलॉनला नाव देऊन बसलात. म्हणजे तलावात ७५० मीटर पोहायचं, मग २० किलोमीटर सायकल, मग ५ किलोमीटर धावायचं, सगळं एकापाठोपाठ. ऑक्टोबर नुकताच लागलाय, हातात १५ आठवडे आहेत. पाच किलोमीटर ३६ मिनिटांत पळता, घरी एक हायब्रिड सायकल आहे, आणि पोहण्यात २५ मीटरची एक लेंथ झाली की काठ धरून धापा टाकता. एवढ्या वेळात जमेल का, दीड लाखाची रोड बाइक, म्हणजे शर्यतीची सायकल, घ्यावी का, आणि दम वाढवायला काय करावं, असं विचारलंत. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे की वडिलांना ५४व्या वर्षी अटॅक आला होता.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. पहिल्या आठवड्यातलं पहिलं काम म्हणजे डॉक्टरकडे जाऊन बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि ते म्हणतील तर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी, करून घेणं. वडिलांचं वय त्यांना आवर्जून सांगा. ट्रायथलॉनमध्ये जे थोडे जीव गेले आहेत, त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात गेले आहेत. गार पाणी, गर्दी, घाबरणं आणि आधीच कुठेतरी लपलेला हृदयाचा दोष हे सगळं तिथे एकाच वेळी अंगावर येतं. रिपोर्ट चांगला आला तर हा विषय तिथेच मिटला. पण तो हातात येईपर्यंत जोर लावायचा नाही, नुसतं रमतगमत चालवा.

आता जमेल का? जमेल. रोड बाइक घ्यावी का? यंदा नको. आणि दमाचा प्रश्न तुम्ही चुकीचा विचारला आहे. जो माणूस ३६ मिनिटं सलग पळतो त्याच्याकडे दम आहे. अर्ध्या मिनिटाच्या पोहण्याने तो संपत नसतो.

गेली सोळा वर्षं मी नागपुरात मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो आहे. बँकवाले, डॉक्टर, रिटायर झालेले इंजिनीअर, आणि मुलांना सोडायला येऊन स्वतःच पाण्यात उतरलेल्या आया. नव्याने येणाऱ्या दहातले आठ तरी हेच सांगतात, "सर, माझा स्टॅमिना कमी आहे." मी त्यांना छातीभर पाण्यात उभं करतो, काठाचा बार धरायला लावतो आणि म्हणतो, तोंड पाण्यात घालून दाखवा. ते खोल श्वास घेतात, गाल फुगवतात, तोंड पाण्यात घालतात आणि दगडासारखे गप्प. एकही बुडबुडा नाही. आठ-दहा सेकंदांनी लाल तोंड करून वर येतात आणि मग एका दमात आधीची हवा बाहेर टाकायची आणि नवी आत घ्यायची अशी दोन्ही कामं करू पाहतात. फ्रीस्टाइलमध्ये तोंड वळवून श्वास घ्यायला जेमतेम सेकंदभर मिळतो. तेवढ्यात दोन्ही होत नाहीत. हवा अर्धीच बाहेर जाते, अर्धीच आत येते, आणि चौथ्या-पाचव्या स्ट्रोकला छातीत कोंडल्यासारखं होतं.

ती घुसमट प्राणवायू संपल्याची नसते. आत साठलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूला सांगत असतो, मला बाहेर काढ. आणि आपण उलट आणखी हवा आत कोंबायला बघतो.

म्हणून पहिले दोन आठवडे तुमचा व्यायाम एकच: पाण्यात गुणगुणायचं. बार धरा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातून "हम्म्म्" असा आवाज काढत राहा. आवाज चालू म्हणजे हवा बाहेर जाते आहे. संपत आलं की तोंड बाजूला वळवा. एक कान पाण्यातच राहू द्या, तोंडाचा अर्धा भाग वर येऊ द्या, हवा आपोआप आत येईल. परत गुणगुण. असं वीस वेळा, मग बार सोडून पाय मारत वीस वेळा, मग हातांसकट. प्रतापनगरच्या एक काकू होत्या, वय ५८. त्यांना हे काही केल्या जमेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मी आरती म्हणू का पाण्यात?" म्हटलं, म्हणा. ध्रुवपद पाण्यात आणि श्वास वर, असं करत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा न थांबता एक लेंथ पार केली. पूलभर सगळे हसत होते, पण काकू पोहत होत्या.

श्वास सुटला की दुसरी गोष्ट डोक्याची. समोरचा काठ दिसावा म्हणून नवशिके मान वर करतात. मान वर गेली की कंबर खाली जाते, आणि मग तुम्ही पाण्यातून आडवे न सरकता उभ्याने पाणी ढकलत जाता. नजर थेट तळाकडे हवी, मानेचा मागचा भाग सैल. पाय मांडीपासून हलवा, गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे नको. आणि लाथा कमी. मांडीचे स्नायू मोठे, ते हवा खातात. शिवाय त्याच पायांनी पुढे सायकल आणि धावणं करायचं आहे.

अंतर असं वाढवा. तिसऱ्या आठवड्यापासून २५ मीटरच्या आठ-दहा लेंथ, प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट विश्रांती. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ५० चे आठ, म्हणजे ५० मीटर आठ वेळा. आठव्याच्या आसपास १०० चे सहा. दहाव्यात २५० चे तीन. बाराव्या आठवड्यात एकदा ७५० सलग, वेळेकडे अजिबात न बघता. यातला कुठला टप्पा जड गेला तर तोच आठवडा परत करा, कोणी मारत नाही. आठवड्यातून तीनदा पाण्यात उतरा. एकदाच दोन तास पोहण्यापेक्षा पाऊण-पाऊण तास तीनदा केव्हाही चांगलं, कारण इथे शरीरापेक्षा सवय जास्त कमवायची आहे.

हे पोहण्याचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच रेटून घ्या. आपल्याकडचे बरेच पूल उघड्यावरचे. दिवाळी झाली की पाणी गारठायला लागतं आणि डिसेंबरात सकाळी सहाला त्यात उतरताना देव आठवतो. गार पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप तुटक आणि भराभर होतो, तो कोणाच्याच हातात नसतो. मिनिट-दीड मिनिट काठाजवळ चेहऱ्यावर पाणी मारत, नुसते बुडबुडे सोडत थांबलं की तो जागेवर येतो. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीआधी पाण्यात उतरू देत असतील तर नक्की उतरा, ते यासाठीच.

आता पूल आणि तलाव यांतला फरक. पंचवीस मीटरच्या पुलात ७५० मीटर म्हणजे तीस लेंथ, म्हणजे एकोणतीस वेळा भिंतीला पाय लावून ढकलणं. प्रत्येक वेळी तीन-चार मीटर फुकटात मिळतात, वर क्षणभर विसावाही. तलावात भिंत नाही. खाली काळी रेघ नाही. पाणी गढूळ असेल तर स्वतःचा कोपरसुद्धा दिसत नाही. याची तयारी पुलातच करता येते. नवव्या आठवड्यापासून शेवटच्या दोनेक लेंथमध्ये भिंतीला हात न लावता, तिच्या मीटरभर अलीकडेच वळा. लेन रिकामी असेल तेव्हा डोळे मिटून सहा स्ट्रोक मारा आणि उघडा. तुम्ही डावीकडे वाहवत जाता की उजवीकडे, ते कळेल. प्रत्येक जण कुठेतरी जातोच. मग दर सात-आठ स्ट्रोकला डोळे मगरीसारखे पाण्याच्या जेमतेम वर काढून समोरची खूण बघायची, आणि श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्यायचा. पुलाच्या टोकाला एखादी केशरी बादली ठेवून हा सराव करा.

आणि कृपा करून अंबाझरीत किंवा फुटाळ्यात एकटे उतरू नका. आपले तलाव काठावरून शांत दिसतात, आत जलपर्णी, गाळ आणि न दिसणारे उतार. खुल्या पाण्याचा सराव परवानगी असलेल्या ठिकाणी, सोबत पट्टीचा पोहणारा, काठावर किंवा बोटीत नजर ठेवणारा माणूस आणि कमरेला केशरी फुगा एवढं जमलं तरच. नाहीच जमलं तर आयोजक आदल्या दिवशी सराव ठेवतात का ते विचारा. बरेच जण ठेवतात.

माझ्या पहिल्या शर्यतीचं सांगतो. मी तेव्हा पोहणं शिकवत होतो, पुलात दोन किलोमीटर सहज व्हायचं, त्यामुळे छाती फुगवून पहिल्या रांगेत उभा राहिलो. शिट्टी वाजली. पन्नास मीटरवर कोणाची तरी टाच कपाळावर बसली, गॉगल एका डोळ्यावरून सरकला, आत पाणी. तो नीट करायला थांबलो तर मागचा माझ्यावर चढला. ऐंशीएक मीटर झाले असतील, आणि शिकवणाऱ्या माणसाला पोहता येईना. हात चालत होते, श्वास येत नव्हता. मी पाठीवर झालो. डोक्यावर भुरं आकाश, कानात पाणी, त्यातून स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. बाजूला एक डोंगा होता, त्यात तलावावर मासेमारी करणारा एक म्हातारा ढिवर, आयोजकांनी बचावासाठी बसवलेला. त्याने वल्हं थांबवून मला नीट बघितलं आणि म्हणाला, "घाई काहून करून राहिले साहेब? दमानं घ्या नं. तलाव काई पळून नाई चालला."

मी डोंग्याची कड धरली. ती धरता येते, ते ध्यानात ठेवा. थांबलेल्या बोटीला किंवा तरंगत्या बोयाला धरून विसावा घ्यायला नियमांची साधारण हरकत नसते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. स्ट्रोकही कुठलाही चालतो. मी वीसेक श्वास घेतले, पुढचे शंभर मीटर ब्रेस्ट स्ट्रोकने बेडकासारखा गेलो, मग फ्रीस्टाइल सुरू केली. तेव्हापासून मी शिष्यांना पहिल्या रांगेत उभं राहू देत नाही. तुम्हीही मागे, कडेला उभे राहा, शिट्टीनंतर दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. त्याने तुमचा जेवढा वेळ जाईल, त्याहून जास्त वेळ माझा त्या डोंग्यापाशी गेला.

ट्रायथलॉनमध्ये पोहणं आधी ठेवतात त्याचं एक कारणही हेच. थकलेल्या माणसाला पाण्यात सोडणं धोक्याचं. थकायचं ते सायकलवर आणि रस्त्यावर थका.

सायकलीबद्दल. हायब्रिडवर २० किलोमीटर ताशी २२ च्या वेगाने ५५ मिनिटांत होतील. दीड लाखाच्या बाइकवर नवशिक्याचे त्यातले सात-आठ मिनिटं वाचतील, तेही तुम्ही खाली वाकून बसायला शिकलात तर. त्यापेक्षा हजार-बाराशे रुपयांत सायकलची नीट सर्व्हिसिंग करून घ्या, टायर घासलेले असतील तर बदला, आणि सीटची उंची बरोबर करा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने पेडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. नागपुरातले निम्मे सायकलवाले सीट खाली ठेवून चालवतात, सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून, आणि मग गुडघा दुखला की सायकलीला शिव्या देतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे, दर आठवड्याला.

गिअर हलका ठेवा. मिनिटाला ८०-९० वेळा पाय फिरला पाहिजे. जड गिअरवर मांडी भरून येते आणि पुढे धावताना त्याचं व्याज द्यावं लागतं.

रस्ता तुमच्या घराजवळच आहे. रविवारी सकाळी मिहानमधले रुंद रस्ते मोकळे असतात, तिथे फेऱ्या मारा. वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावर सायकल घालू नका, आउटर रिंग रोडला ट्रकच्या सोबतीने जाऊ नका. चढाची हौस असेल तर एखाद्या शनिवारी फुटाळ्यावरून वायुसेनानगरकडे चढा आणि सेमिनरी हिल्सला वळसा घाला. एरवी नागपूर सपाट, आपला चढ म्हणजे वारा. तो समोरून आला की वेग राखायला जाऊ नका, जोर तेवढाच ठेवा आणि वेग पडू द्या. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्याऐवजी उतरून सायकल मधे धरा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी जवळपास ४,९०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेही याच सपाट गावातले. चढ नाहीत ही सबब मी तेव्हापासून कोणाची ऐकून घेत नाही.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून. सायकल हातात घेण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा आणि सायकल स्टँडला अडकवल्यावरच तो सुटला पाहिजे, हा या खेळातला नियम आहे. उलटं झालं तर दंड होतो, बादही करतात. दुसऱ्या सायकलीच्या पाठीला चिकटून वारा वाचवणं हौशी शर्यतींत बहुधा चालत नाही. किती अंतर ठेवायचं ते आयोजकांच्या सूचनांत असतं, ते वाचून जा. इअरफोन तर बंदच.

धावण्यावर मी फार बोलणार नाही, तुम्ही धावताच. फक्त दोन गोष्टी. एक, आपले सिमेंट रोड. दिसायला गुळगुळीत, पण डांबरापेक्षा टणक, आणि ऑक्टोबरात दिवसभर तापलेलं सिमेंट संध्याकाळी सातलासुद्धा पायाखालून वाफ सोडतं. तेव्हा पळणं पहाटे, आणि जमेल तेवढं मातीवर, मैदानाच्या कडेने किंवा बागेतल्या पायवाटेवर. दुसरं, तुम्ही रोज तेच पाच किलोमीटर त्याच वेगाने पळत असणार, आणि तो वेग तुमच्यासाठी जरा जास्तच असणार. निम्म्याहून जास्त पळणं बोलत बोलत करता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर हळू व्हा, वेळ पडली तर मिनिटभर चाला. आठवड्यातून एकदाच थोडा जोर, चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं.

खरी गंमत सायकलवरून उतरून पळण्यात आहे. तासभर पाय गोल फिरलेले असतात, उतरल्यावर ते आपले वाटतच नाहीत. लाकडाचे ओंडके कोणीतरी कमरेला बांधलेत असं वाटतं. पहिल्यांदा अनुभवलं की माणूस घाबरतो, त्याला वाटतं आपण संपलो. पाच-सात मिनिटांत ते जातं. जातं हे शरीराला माहीत व्हावं म्हणून सातव्या आठवड्यापासून दर रविवारी सायकल झाली की लगेच दहा मिनिटं पळायचं, पुढे वीसपर्यंत वाढवायचं. याला ब्रिक म्हणतात. सुरुवातीला पावलं लहान आणि झटपट टाका, लांब टांगा नकोत.

आठवडा साधारण असा बसवा. सोमवार सुट्टी. मंगळवार, गुरुवार, शनिवार पोहणं. बुधवारी पळणं. शुक्रवारी पाऊण तास सायकल, ऑफिसला सायकलने जाऊन-येऊन भागवलं तरी चालेल. शनिवारी पोहून झाल्यावर जमलं तर हलकं पळणं. रविवारी लांब सायकल, २० पासून वाढवत ३० किलोमीटरपर्यंत, आणि पुढे ब्रिक. एकूण पाच-सहा तास, यापेक्षा जास्त लागत नाही. दर चौथ्या आठवड्याला सगळं तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. ऑफिसची रिलीज आली, पोराला ताप आला, साळ्याचं लग्न आलं तर सुटलेला दिवस सुटला. तो पुढच्या आठवड्यात भरून काढायला जाणारेच जखमी होतात. सोडायचंच झालं तर आधी सायकल सोडा, पोहणं शेवटी.

बाराव्या-तेराव्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्या बदलाची, म्हणजे पाण्यातून निघून सायकलवर बसण्याची, एक तालीम करा. हसू नका. जमिनीवर टॉवेल अंथरा, त्यावर बूट तोंडं उघडी करून, मोज्यांत थोडी पावडर टाकून अर्धे गुंडाळून ठेवलेले, सायकलीच्या हँडलवर हेल्मेट उलटं, त्यात गॉगल, बाजूला नंबरचा पट्टा. बादलीभर पाणी अंगावर ओतून घ्या, पंधरा पावलं पळत या आणि तयार व्हा. ओल्या पायात मोजे किती वेळ चढत नाहीत हे तेव्हा कळेल. माझा एक शिष्य पहिल्यांदा साडेसहा मिनिटं लावून बसला होता. चौथ्या खेपेला दोनवर आला, आणि त्याच्या बिल्डिंगचा वॉचमन घड्याळ धरून वेळ सांगायचा. बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या लावा, शंभर-दीडशेत मिळतात. या खेळात पैसे खर्च करायची खरी जागा तीच. आणि शर्यतीच्या दिवशी स्टँडवर आपली सायकल कुठे आहे ते पाण्याच्या बाजूने चालत येऊन पाहून ठेवा. मी पहिल्या शर्यतीत दुसऱ्याच्या निळ्या सायकलीचं कुलूप शोधत बसलो होतो.

खाण्याचं फार अवडंबर करू नका. दोन तासांच्या शर्यतीला एनर्जी जेलच्या पाकिटांची गरज नाही. सायकलवर एक बाटली पाणी, त्यात लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. घाम किती जातो ते ऑक्टोबरातच बघा. पळण्याआधी आणि तासाभराने आल्यावर वजन करा. अर्धा किलो उतरलं म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी गेलं, तासाला तेवढ्याच्या आसपास प्यायचं, उगाच त्याहून जास्त ढोसायचं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, व्यायामानंतर दोन सोलून खाल्ली की बाकी कशाची आठवण येत नाही. शर्यतीच्या सकाळी अडीच-तीन तास आधी पोहे खा, पण कोरडे. तर्री नाही. पोट रिकामं करायला पोहण्याचा तलाव ही चांगली जागा नव्हे. आदल्या रात्री सावजीही नको, हे सांगावं लागू नये, पण सांगतो. एकाला भोगताना पाहिलंय.

शेवटचे दहा दिवस व्यायाम निम्म्यावर आणा. वेग तोच ठेवा, वेळ कमी करा. या दिवसांत पाय जड वाटतील, गुडघ्यात नसलेलं दुखणं जाणवेल, आणि एकदा तरी पूर्ण ७५० पोहून बघावंसं वाटेल. पाहू नका. नवीन बूट, नवीन गॉगल, नवीन कपडे शर्यतीला पहिल्यांदा घालायचे नाहीत.

त्या दिवशीचा हिशेब असा धरा. शंभर मीटरला तीन मिनिटं म्हणजे पोहणं साडेबावीस मिनिटांत. पहिला बदल चार मिनिटं, सायकल पंचावन्न, दुसरा बदल दोन. धावणं तुमच्या नेहमीच्या ३६ च्या जागी ३८ धरा. सगळे मिळून दोन तास आणि वर मिनिट-दीड मिनिट. आयोजकांनी ठेवलेली प्रत्येक टप्प्याची वेळमर्यादा आत्ताच बघून घ्या. पोहण्याची मर्यादा अर्ध्या तासाच्या आत असेल तर बाराव्या आठवड्यातल्या त्या सलग ७५० ला एकदा घड्याळ लावा. त्या मर्यादेच्या वर गेलात तर यंदाचं नाव रिले टीममध्ये बदलून मिळतं का ते विचारा आणि सायकलचा हिस्सा घ्या. त्यात कमीपणा काही नाही, पुढच्या वर्षी तलाव तिथेच असेल.

आणि एक राहिलं. पुलाची तीन महिन्यांची फी भरण्याआधी काउंटरवर विचारा की डिसेंबरात पूल चालू ठेवतात का, आणि सकाळच्या बॅचची वेळ तेव्हा बदलते का. माझ्या दोन शिष्यांनी हे न विचारता पैसे भरले होते. थंडी सुरू होताच त्यांच्या पुलाच्या फाटकाला कुलूप लागलं, फीचे पैसे काही परत मिळाले नाहीत, आणि तोपर्यंत त्यांची मजल २०० मीटरवर थांबलेली होती.